मालिनी नागवेकरची फी

पालीच्या नाक्यावर रमजानभाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान कसलं, आठ बाय दहाची खोली. त्या खोलीच्या एका कोपऱ्यात, लॅमिनेशनच्या मशीनला पाठ लावून, मालिनी नागवेकर नऊ वर्षं बसत होती. एक टेबल, दोन खुर्च्या, एक जाड ड्रॉइंगचे कागद ठेवायची पिशवी. बाहेर पाटी नव्हती. लागतही नव्हती. तलाठ्याकडून परत पाठवलेला माणूस चहाच्या टपरीवर तोंड पाडून बसला, की टपरीवालाच सांगायचा, "मालिनीताईंकडे जा. तुमची वंशावळ तुमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असंल."

मालिनी बी.ए. झाली त्याला आता बावीस वर्षं झाली. विषय समाजशास्त्र. आमच्याकडे पदवीचा भाव बाजारात आंब्याचा लावावा तसा पेटीवर लावतात: इंजिनीअर एक नंबर, फार्मसी दोन नंबर, आयटीआयवाला कंपनीत चिकटला तर तोही बरा. बी.ए. म्हणजे डागी माल. तिचे वडील दत्तात्रेय शाळेत कारकून होते, शिकलेल्या माणसांत उठबस होती, पण तेही म्हणायचे, "असू दे. पत्रिकेवर नावापुढे बरं दिसतं." पत्रिकेवर ते दिसलं आणि तिथेच थांबलं. पुढे मालिनीने बालवाडी घेतली, एका संस्थेसाठी एका फॉर्मला चाळीस रुपये या दराने घरोघर पाहणी केली, नवऱ्याच्या टेंपोचे कागद सांभाळले. सासरचं एक माणूस तिला हटकून विचारी, "मालिनी, तुज्या त्या शास्त्रात भात शिजतं काय गो?" मालिनी हसायची. पण असलं हसणं फुकट जात नाही, आत कुठेतरी साचत जातं.

आता त्या शास्त्रात काय शिजतं ते सांगतो. तिसऱ्या वर्षाला कुटुंब आणि नातेसंबंध असा एक पेपर होता. त्याला वीस मार्कांचा प्रकल्प: आपल्या घराण्याचा तक्ता काढा. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन रेघा. मालिनीने आठ पिढ्या मागे नेल्या आणि ऐटीत वही दिली. अठरा मार्क मिळाले. दोन का कापले, तर बाईंनी लाल पेनाने खाली लिहिलं होतं, "या घरात बायका नव्हत्या का?" मालिनीने तक्ता पाहिला. आठ पिढ्यांत मिळून चार वर्तुळं. तिने ज्यांना विचारलं ते सगळे पुरुष होते, आणि पुरुषांना आपल्या पणजोबांचं नाव पाठ असतं, पणजीचं विचारलंत की ते खाकरतात. ते दोन मार्क तिला फार लागले. आणि पुढे सगळं आयुष्य तिने त्या दोन मार्कांवरच काढलं म्हटलं तरी चालेल.

कारण आमच्या कोकणात जमीन एकाच्या नावावर नसते, पंचवीस-तीस जणांच्या नावावर असते. त्यातले दहा मुंबईला, चार आखातात, दोन कुठे आहेत ते देवाला माहीत, आणि पाच वर गेलेले. रस्ता रुंद करायला सरकारने जमीन घेतली, मोबदला जाहीर झाला, की प्रश्न येतो: वारस कोण? कागदावर निम्मे सापडतात. उरलेले निम्मे म्हणजे लेकी. त्या लग्न करून गेल्या, सासरी नाव बदललं, आणि माहेरच्या सातबाऱ्यावरची पोर आणि सासरच्या रेशनकार्डावरची बाई यांची आयुष्यात पुन्हा गाठ पडली नाही. त्यांची गाठ घालून देणं हे मालिनीचं काम. त्याबद्दल लोक तिला काय देत? कुणी शंभर-दोनशे, कुणी भोपळा, कुणी हंगामात दोन डझन हापूस. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते आंब्यापेक्षा अकलेच्या बाबतीत जास्त खरं.

"मी कागदाचे दोन रुपये घेतो," रमजानभाई एकदा म्हणाले. "त्यात मी काय करतो? बटण दाबतो. आणि ताई, तुमी चार-चार दिवस गावं फिरता आणि भोपळा घेऊन येता."

हे तेच रमजानभाई, ज्यांनी गेल्या डिसेंबरात मान खाली घालून सांगितलं की त्यांची शिफा शारजाहून कायमची परत येतेय आणि तिला या कोपऱ्यात ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर टाकायचंय. स्वतःच्या मुलीला नाही कसं म्हणणार? मालिनीलाही ते पटलं. पण शेजारचा गाळा रिकामा होता, मालक पंचवीस हजार अनामत मागत होता, आणि जानेवारीअखेर दिली नाही तर तो तिथे मोबाइलवाला बसवणार होता. निलेश, तिचा नवरा, म्हणाला, "मी उसने आणतो." मालिनी म्हणाली, "नको. या कामाने एवढे मिळत नसतील, तर हे काम नव्हेच. मग मी घरी बसेन आणि तुझ्या टेंपोचे कागद सांभाळीन." असं ठरलं. बी.ए.ला दीड महिन्याची मुदत मिळाली.

त्याच आठवड्यात गुरुप्रसाद साळवी आला. राहणारा डोंबिवलीचा, मूळचा हातखंब्याचा, चाळिशीचा, कडक इस्त्रीचा. हातखंब्याला चौकाला लागून असलेली त्यांची जमीन रस्त्यात गेली होती. मोबदला एक कोटी वीस लाख. मूळ मालक धोंडू साळवी, त्याचे तीन मुलगे, तिघांची मिळून आज एकतीस माणसं. वंशावळ हवी होती.

"किती घ्याल?" त्याने विचारलं.

"पंचवीस हजार."

फी ठरवायची ही रीत काही शास्त्रशुद्ध नव्हती, पण आकडा मालिनीच्या तोंडून न अडखळता बाहेर पडला. झेरॉक्स मशीनपाशी रमजानभाईंनी बटण दाबायचं थांबवलं.

"ताई, तुम्ही वकील?"

"नाही."

"मग सर्व्हेअर वगैरे?"

"बी.ए. समाजशास्त्र."

गुरुप्रसाद हसला. वाईट हसला नाही, लहान मुलाने मोठ्या माणसाचा कोट घातल्यावर हसतात तसा हसला. "मग पंचवीस हजार कशाचे?"

"विचारायचे."

"नुसतं विचारायचे?"

"कुणाला विचारायचं ते माहीत असल्याचे."

तो उठून गेला. कोल्हापुरात त्याला एक एजंट मिळाला. चाळीस हजार घेतले, पण ऑफिस वातानुकूलित होतं. एजंटने सातबारा आणि फेरफार मागवले आणि तिकडे बसून, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी, तीन दिवसांत रंगीत वंशावळ छापून दिली. जुन्या फेरफारात धोंडूच्या तीन मुलग्यांखाली "मुलगी गोदू" असं एक नाव होतं. एजंटने फोन करून विचारलं, ही कोण? साळव्यांच्या चार पुरुषांनी आपापसांत विचार केला आणि एकमताने कळवलं, गोदू म्हणून आमच्यात कुणी ऐकिवात नाही, लहानपणीच गेली असणार. एजंटने लिहिलं: "गोदू, अविवाहित मयत." चौघांनी तसं प्रतिज्ञापत्र करून सह्या ठोकल्या. प्रांतसाहेबांनी सुनावणीत एकच विचारलं: मयत असल्याचा पुरावा? तो कुठून येणार? साहेबांनी तीन आठवड्यांची तारीख दिली, आणि सांगितलं की तोवर वारस नक्की झाले नाहीत तर रक्कम कोर्टात जमा करावी लागेल. कोर्टात गेलेला पैसा नातवंडांच्या लग्नाला तरी सुटेल का, याचा भरवसा कोण देणार?

गुरुप्रसाद पालीला परत आला तेव्हा शर्टाची इस्त्री मोडली होती.

"ताई, तुमचे पंचवीस हजार मान्य. फक्त ही गोदू मेल्याचा दाखला काढून द्या."

"मेली असेल तर काढीन," मालिनी म्हणाली. "आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे न्या."

"काकीकडे? तिला काय ठाऊक? ती अंगठा करते."

ही काकी म्हणजे धोंडूची धाकटी सून, वय त्र्याऐंशी. गुरुप्रसादच्या वडिलांची काकी, म्हणून साऱ्या वाडीचीच काकी. हातखंब्याच्या घरी ती मागच्या पडवीत सुपात कुळीथ पाखडत बसली होती. मालिनी तिच्याजवळ जमिनीवर बसली. कागद काढला नाही, धोंडूचं नाव काढलं नाही, गोदूचं तर नाहीच. इकडची-तिकडची चौकशी झाल्यावर म्हणाली, "काकी, तुमच्या पहिल्या ओवशाला सुपं किती होती?"

गुरुप्रसादने दारातूनच कपाळावर हात मारून घेतला. एक कोटी वीस लाख अडकलेत आणि ही बाई सुपं मोजतेय. पण ज्याला ओवसा कळत नाही त्याने कोकणात वारस शोधू नयेत. लग्नानंतर गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या, की नवी सून फळं-पानं भरलेली सुपं गौरीपुढे ओवसते आणि मग घरातल्या, भावकीतल्या वडीलधाऱ्यांना एकेक नेऊन देते, पाया पडते. कुणाला सूप दिलं, कुणी त्यात काय घातलं, कोण नाक मुरडून बसलं, हे बाई मरेपर्यंत विसरत नाही. तलाठ्याच्या दप्तराला वाळवी लागेल, या नोंदीला लागत नाही. ही युक्ती मालिनीला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती, पण बायकांना काय विचारावं याचा विचार करायची खोड मात्र कॉलेजातली.

काकीने कुळीथ बाजूला सारले. बोटं उघडली. "अकरा व्हती. एक मामंजींना. एक सासूबायना. दोन थोरल्या भावजींच्या घरी, दोन मधल्यांच्या..." अशी मोजत ती दहावर आली आणि हसली. "आणि एक वन्संना. त्या गुहागरास्नं आलेल्या, कडेवर पोर व्हतं. माज्या सुपात पाच रुपये घातलंनी. तवा पाच रुपये कोण घालत व्हतं?"

"वन्संचं नाव काय हो, काकी?"

"वन्संना काय नावानं हाक मारतात? सासरी सुमती ठेवलंनी व्हतं." मग म्हणाली, "मामंजी मातर गोदूच म्हणायचे. गोदू आली काय, गोदू जेवली काय."

दारातला गुरुप्रसाद खाली बसला. गुहागरची सुमतीआजी त्याला ऐकून माहीत होती, कुणीतरी लांबची म्हणून. गोदू त्याला माहीत नव्हती. आजोबांच्या सख्ख्या बहिणीला या चार शिकलेल्या पुरुषांनी निम्मी विसरून टाकली होती आणि उरलेली निम्मी शपथेवर मारून टाकली होती.

"काकी, हे आधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"मला कुणी इचारलंन?" काकी म्हणाली आणि पुन्हा कुळीथ पाखडू लागली.

दुसऱ्या दिवशी निलेशने मोटरसायकल काढली. जयगडला फेरीबोटीत चढून दोघं पलीकडे तवसाळला उतरली आणि तिथून गुहागर. पोफळीच्या बागेत, खळ्यात वाळत टाकलेल्या सुपाऱ्यांपाशी, एक ठेंगणी म्हातारी पाटावर बसून किडक्या सुपाऱ्या बाजूला काढत होती. वय अठ्ठ्याऐंशी. नजर शाबूत, जीभ त्याहून.

मालिनीने काही लपवलं नाही. जमीन गेली, पैसे आलेत, तुमचा हिस्सा आहे, आणि कागदावर तुम्ही मेलेल्या आहात, सगळं सांगितलं.

"कदी मेलंय म्हणून लिवलंनी?" म्हातारीने विचारलं.

"लहानपणीच."

"मगे तेरावं घातलंनी काय? मला जेवायला तरी बोलवायचं." ती आपल्याच बोलण्यावर हसली, आणि हसता हसता तिचे हात सुपाऱ्यांवर थांबले. "भाऊ गेल्यापास्नं बोलावणं नाय. तीस-पस्तीस वर्षं झाली. मी म्हटलं, इसरले असतील. मारून टाकलंनी ते ठाऊक नव्हतं."

मालिनीला त्या बाईबद्दल इतकं वाईट वाटलं की आपण इथे स्वतःच्या अनामतीसाठी आलोय याचीच लाज वाटली. तिने तेही सांगून टाकलं: यात माझे पंचवीस हजार आहेत, आजी, ते मिळाले तर मला गाळा मिळेल.

"मगे त्यात लाजायचं काय?" गोदूबाई म्हणाली. "काम केलंस. तारीख कवा हाय?"

तारखेला, म्हणजे जानेवारी संपायच्या तीन दिवस आधी, प्रांत कार्यालयात साळव्यांची सगळी फौज हजर होती. गोदूबाई नातवाचा हात धरून जिना चढली. मालिनीने साहेबांपुढे ड्रॉइंगचा कागद उलगडला. त्यावर वंशावळ होती; सोबत जुना फेरफार होता, सासरच्या गावच्या पोलीस पाटलांचा दाखला होता, काकीचा जबाब अंगठ्यासह होता, आणि गोदू व सुमती एकच हे सांगणारे दोन्ही गावांतल्या पंचांचे जबाब होते. साहेबांनी दोन प्रश्न विचारले, दोन्हींची उत्तरं कागदावर होती. मग गोदूबाईंकडे वळून म्हणाले, "आजी, तुम्ही धोंडू साळव्यांच्या कोण?"

"पोर," ती म्हणाली.

वीस मिनिटांत काम झालं. चौघांनी चुकीचं प्रतिज्ञापत्र मागे घेतलं, त्याबद्दल साहेबांचं थोडं ऐकूनही घेतलं.

बाहेरच्या व्हरांड्यात मात्र खरी सुनावणी सुरू झाली. मालिनीने एक चूक केली होती. जगाचं सगळं लेखी घेणारी ही बाई, स्वतःची फी तोंडी ठरवून बसली होती. गुरुप्रसादने तिला बाजूला घेतलं.

"ताई, उपकार झाले. पण भाऊ म्हणतायत, आधी तीन हिस्से होते, आता चार झाले. चाळीस लाखांचे तीस झाले. आमचं नुकसान करून वर पंचवीस हजार? हे नाकापेक्षा मोती जड झालं. पाच हजार घ्या. बी.ए.ला पाच हजार वाईट नाहीत."

एकतीस माणसं ऐकत होती. मालिनीचा आवाज पडला नाही. बावीस वर्षं साचलेलं होतं, ते आता कामी आलं.

"गुरुप्रसाद," ती म्हणाली, "कोर्टात पडलेल्या पैशाचा तिसरा हिस्सा किती होतो ते भावांना विचारा. शून्याचे तीन करा नाहीतर चार करा. या आजींशिवाय तुमची फाइल पुढे सरकत नव्हती. चाळीस हजार घेऊन ज्याने जिवंत बाई मारली, त्याच्याशी तुम्ही घासाघीस केली होती का?"

तिने ड्रॉइंगच्या कागदाची सुरळी काखेत मारली.

"आणि नुकसानीचंच म्हणाल तर एकतीस जणांत माझी फी माणशी आठशे सहा रुपये पडत होती. आता तुम्ही बत्तीस आहात. सातशे एक्याऐंशी. मी तुमचे पंचवीस रुपये वाचवलेत."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. गुरुप्रसाद मात्र हसला नाही. तेवढ्यात बाकावरून गोदूबाईंचा आवाज आला.

"काय रे, वर्गणी काढताय काय?"

"वर्गणी नाही आजी, यांची फी..."

"माणशी किती म्हटलंस गो?"

"सातशे एक्याऐंशी," मालिनी म्हणाली. "पण आजी, तुमच्याकडून नको. तुम्हाला अजून काही मिळालेलं नाही."

गोदूबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. कनवटीचा बटवा सोडला, शंभराच्या आठ नोटा थुंकी लावून दोनदा मोजल्या आणि मालिनीच्या हातावर ठेवल्या. "एकोणीस परत दे."

"आजी, राहू द्या," गुरुप्रसाद पुढे आला. "तुमचे मी भरतो."

"तू कशाला?" म्हातारी त्याच्याकडे बघत म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माज्या बापाच्या घरात देवळाची वर्गणी निघाली, शिमग्याची निघाली, घर शाकारायची निघाली. मला कदी कुणी इचारलंन नाय. लेकीकडं कोण मागतं? आज पैल्यांदा माणसांत मोजलंनी, आणि तेबी हिनं. माजे मीच देणार."

गुरुप्रसादची मान खाली गेली. मग त्याने खिशातून मोबाइल काढला, स्वतःचे पैसे पाठवले आणि शिमग्याची वर्गणी गोळा करावी तसा भावा-पुतण्यांमध्ये फिरू लागला. अर्ध्या तासात पंचवीस हजार जमले. त्यातले चोवीस हजार फोनवर आले आणि मालिनीने आकडा तीनदा पाहिला. डोळे पाणावले होते म्हणून नीट दिसत नव्हता, एवढंच.

गुरुप्रसाद म्हणाला, "ताई, सगळ्यांची मिळून एकच पावती द्या. मी फाइलला लावतो."

"माजी येगळी," गोदूबाई बाकावरूनच म्हणाली. "मला गुहागरास न्यायचीय. सुनांना दाखवायचीय."

मालिनीने रमजानभाईंच्या दुकानातून आणलेलं कोरं पावतीपुस्तक उघडलं, तारीख घातली आणि विचारलं, "आजी, नाव काय घालू? तुमच्या आधार कार्डावर सुमती आहे."

"ते ऱ्हाऊ दे तिकडं," म्हातारी म्हणाली. "लिव, गोदू धोंडू साळवी, हातखंबा."